एकशे त्रेपन्नला जाणारे

मिलिंद, तुझ्या शेवटच्या दोन दिवसांत मी तुला पाच वेळा फोन लावला होता. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण मी, तुझा मास्तर, अजून रागातच आहे असं समजून तू गेलास. वहिनींनी मला ते आडपडदा न ठेवता सांगितलं. शनिवारी संध्याकाळी फोन उशाशी ओढून घेतलास आणि म्हणालास म्हणे, "न्हाई करणार तो." या वाक्याचं मी काय करू? बारा दिवस झाले. वर्गात फळ्याकडे तोंड करून लिहीत असलो तरी ते मला पाठीमागून ऐकू येतं.

शिरूरच्या शाळेत आपण एका बाकावर बसायचो. पुढे मी न्हावऱ्याला गणिताचा मास्तर झालो आणि तू दौंडला रेल्वेत नंबर टेकर. नंबर टेकर म्हणजे काय, हे लोकांना समजावता समजावता तुझी निम्मी नोकरी संपली. मालगाडी यार्डात आली की इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत चालत जायचं आणि एकेका डब्यावर रंगवलेला नंबर वहीत उतरवायचा, एवढंच ते काम. उन्हातान्हात, धुक्यात, हातात खडू आणि काखेत वही. पेपरात मालडब्याला वाघीण म्हणतात याचं तुला भारी हसू यायचं. "पन्नास वाघिणी हिंडून आलो मास्तर, एक बी चावली न्हाई." पुढे कॉम्प्युटर आला, तुला टेबलाशी बसवलं, आणि तेव्हापासून तुझी तब्येत बिघडली असं वहिनी म्हणतात. डॉक्टरांचं म्हणणं वेगळं आहे, पण मला वहिनींचं पटतं.

तुझा एक नियम होता. आकडा जोडून बोलायचा नाही, सुटा बोलायचा. अडुसष्ट म्हणायचं नाही, सहा आठ म्हणायचं. आपल्या भाषेची ही खोडच आहे. अडुसष्ट म्हणताना आठ आधी कानावर पडतो आणि साठ मागून येतो, आणि घाईतला माणूस ऐकलं तसं लिहून मोकळा होतो, शहाऐंशी. चौथीपाचवीच्या पोरांचे कान मी वीस वर्षं याच एका चुकीसाठी पिळत आलोय. तुझ्या सुट्या आकड्यांची मात्र मी थट्टा करायचो. घरी वहिनींना "एक शून्य रुपये दे" असं म्हणतोस का, म्हणून विचारायचो.

एकशे त्रेपन्न तुला कुठल्याशा जुन्या मासिकाच्या पानात सापडला. फलाटावर कुणीतरी भेळ खाऊन टाकलेला तो कागद. भेटल्या भेटल्या तू मला म्हणालास, "तिनानं भाग जाणारा कुठला बी आकडा सांग." मी बारा म्हणालो. तू खडूने डब्यावरच मांडलंस. प्रत्येक अंकाचा घन करायचा आणि बेरीज घ्यायची. एकाचा एक, दोनाचे आठ, झाले नऊ. नवाचा घन सातशे एकोणतीस. त्यातल्या अंकांचे घन मिळून एक हजार ऐंशी. त्याचे पाचशे तेरा. त्याचे एकशे त्रेपन्न. आणि एकशे त्रेपन्नचे? एक, एकशे पंचवीस आणि सत्तावीस, पुन्हा एकशे त्रेपन्नच. तिथून पुढे वाट नाही. मी दुसरा आकडा दिला, तिसरा दिला, मुद्दाम सात आकडी दिला. सगळे तिथेच.

मी गणिताचा माणूस, मला गंमत वाटली. तुला गंमत वाटली नव्हती. तू मला हिवाळ्यातल्या एका सकाळी यार्डात घेऊन गेलास, आठवतं? भीमेकडून धुकं आलं होतं, दहा डब्यांपलीकडचं दिसत नव्हतं. तू पुढे चालत नंबर मोठ्याने वाचत होतास आणि मी मागून मनात घन करत होतो. डबे रिकामे होते, दारं बंद. तुझा आवाज पत्र्यावर आपटून परत यायचा, पण पुरा यायचा नाही, शेवटचा अंक तेवढा यायचा. एका डब्यापाशी तू थांबलास. तू नंबर वाचलास, आतून काहीच आलं नाही. पुन्हा वाचलास, तरी नाही. "हा भरलेला दिसतोय," मी म्हणालो. तू पत्र्यावर बुक्की मारलीस, ठणठण रिकामा वाजला. तू वहीत नंबर उतरवलास आणि मान वर न करता म्हणालास, "मास्तर, मला वाटतंय त्या एकशे त्रेपन्नात कुणीतरी बसलंय. सगळ्यांस्नी बोलावून घेतंय."

मी हसलो. धुक्यात माझं हसणं मलाच बरं वाटलं नाही, हे तेव्हा सांगितलं नाही, आता सांगतो.

मग तू त्या आकड्याच्या मागेच लागलास. एकापासून सतरापर्यंत बेरीज केली तर एकशे त्रेपन्न. एक, एक गुणिले दोन, एक गुणिले दोन गुणिले तीन, असं करत पाचापर्यंतचे गुणाकार मिळवले तरी एकशे त्रेपन्न. आकडा उलटा लिहिला तरी, शंभरातला असो की हजारातला, जायचा तिथेच, कारण घन करताना आधी कोण आणि मागून कोण याला किंमत नाही. बारा आणि एकवीस एकाच वाटेने जातात. हे कळलं तेव्हा तू लहान मुलासारखा खूश झाला होतास. "म्हंजी नंबर उलटा उतरवला तरी माफ!" आयुष्यभर उलटा नंबर लिहायच्या धास्तीत काढलेल्या माणसाचा तो आनंद होता.

तिनाने भाग न जाणाऱ्यांचं तुला भय वाटायचं. त्यातले काही दुसरीकडे जाऊन थांबतात, काही थांबतच नाहीत. एकशे छत्तीसचे होतात दोनशे चव्वेचाळीस, दोनशे चव्वेचाळीसचे पुन्हा एकशे छत्तीस. यार्डातलं शंटिंगचं इंजिन जातं आणि येतं तसं. "ह्यांस्नी घर न्हाई बघ," तू म्हणायचास. "मेलं बी न्हाईत आन् पोचलं बी न्हाईत." तू हे अशा आवाजात म्हणायचास की मी विषय बदलायचो.

आपलं भांडण झालं ते गेल्या दिवाळीआधी, आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात. तुला बोलवायचं मी किती वर्षं नुसतं म्हणत होतो! शेवटी बोलावलं. तू इस्त्रीचा शर्ट घालून आलास, येताना नऊशे बहात्तर आकड्यांची वही आणलीस. वापरलेल्या फॉर्मांच्या कोऱ्या पाठी शिवून केलेली. तुझं म्हणणं साधं होतं. चार अंकी आकड्यात जास्तीत जास्त चार नव्वं, त्यांच्या घनांची बेरीज दोन हजार नऊशे सोळा. त्याहून मोठा आकडा कितीही मोठा असू दे, तो घसरत घसरत या हद्दीत येणारच, आणि एकदा आला की बाहेर जाऊ शकत नाही. मग या हद्दीतले तिनाचे सगळे तपासले की काम झालं. ते भरतात नऊशे बहात्तर. तू नऊशे बहात्तरच्या नऊशे बहात्तर तपासले होतेस.

हेडमास्तर होते, सोसायटीचे चेअरमन होते, आमचे दोन चुलते होते. मी सगळ्यांना म्हणालो, "आकड्याला तीनने भागून जी बाकी उरते, तीच त्याच्या घनाची बाकी असते. म्हणून तिनाचा आकडा तिनातच राहतो. एवढंच आहे ते, एका ओळीचं काम. आमच्या मित्राने त्यासाठी आख्खी वही भरली." तू शांतपणे विचारलंस, "ते झालं तिनात ऱ्हायचं. पर तिनात बी हजार जागा हायेत. ही एकच का?" मला उत्तर येत नव्हतं. खोटं कशाला बोलू? आणि मी म्हणालो, "हे डबे मोजायचं काम नाही मिलिंद, हे गणित आहे."

लोक हसले. चेअरमन जरा जास्तच हसले. वाक्य तुझ्या नोकरीबद्दल होतं, पण त्या गावात, त्या माणसांसमोर ते तुझ्या जातीबद्दल ऐकू गेलं, हे तुलाही कळलं आणि मलाही. आपण एका बाकावर बसायचो, त्याच बाकावरून मी तुला खाली ढकललं. तू वही टेबलावर ठेवलीस, "बघा सवडीनं," म्हणालास. मला "बघा"! तीस वर्षांत पहिल्यांदा. मग एसटी स्टँडकडे चालत गेलास. मी मागे आलो नाही. चहा सांगितला होता ना, तो प्यायलो.

पुढचे काही आठवडे मी ती वही घेऊन बसलो ते तुझी चूक काढायला. एक तरी घन चुकला असेल, एक तरी आकडा सुटला असेल, मग जाऊन दाखवीन, मग हसू आणि मिटवू. एकही सुटला नव्हता. आणि तीनशेव्या की पाचशेव्या आकड्यावर कधीतरी माझ्या ध्यानात आलं की माझी ती एक ओळ अर्धीच होती. ती तिनातून बाहेर पडू देत नाही, बस. बाकी सगळं तुझ्या वहीत होतं. एकेक डबा बघितल्याशिवाय गाडी पुरी आहे म्हणता येत नाही, हे तू मला दहादा सांगितलं होतंस. तीच सिद्धता होती. ही कबुली द्यायला मला दौंडला यायचं होतं. संक्रांतीला येतो, मग सराव परीक्षा झाल्यावर येतो, मग पेपर तपासून झाल्यावर. माझी लाज अशी तारखा पुढे ढकलत होती.

आणि शुक्रवारी दुपारी वहिनींचा फोन आला. खरखर इतकी की अर्धं ऐकूच येईना. "ह्यांना जरा बरं न्हाई. तुमच्याशी बोलायचंय म्हणत्यात. आत्ता झोपल्यात, दोन तासांनी करा. नवीन फोन आलाय आपल्याला, नंबर घ्या लिहून." मी पंचांगाच्या कडेला नंबर लिहिला. शेवटी त्या सत्तावन्न म्हणाल्या.

दोन तासांनी मी फोन लावला. एका म्हातारीने उचलला. मला वाटलं, तुझी आई. ऐकू कमी येत असल्यासारखं ओरडून बोलत होत्या, आई तशाच बोलायच्या. मी म्हणालो, "आई, मी मास्तर बोलतोय न्हावऱ्याचा. कसं आहे?"

"हाय तसंच हाय बाबा. आत्ताच डोळा लागलाय. उठल्यावर सांगते."

संध्याकाळी लावला, तेच. शनिवारी सकाळी, तेच. "आत्ताच डोळा लागलाय." दुपारी पुन्हा लावला. इतकी झोप? चौथ्यांदा त्या नुसत्या श्वास घेत राहिल्या, मागे घड्याळ वाजत होतं, आणि मग म्हणाल्या, "काय निरोप असंल तर सांगा. जागं झालं की कानात सांगते." मी म्हणालो, "मग करतो." पण संध्याकाळी पाचव्यांदा लावला तेव्हा मला राहवलं नाही. पाच महिने घशात अडकलेलं मी त्या म्हातारीला सांगून टाकलं. "सांगा, मास्तर चुकला. नऊशे बहात्तर बरोबर आहेत. सांगा, रविवारी येतोय." त्यांनी शब्दन् शब्द परत म्हणून दाखवला. नऊशे बहात्तरसुद्धा. मी फोन ठेवला आणि किती दिवसांनी पोटभर जेवलो.

त्याच संध्याकाळी तू म्हणालास, न्हाई करणार तो.

रविवारी सकाळच्या एसटीने निघालो. जागा मिळाली ती सतरा नंबरची. एकापासून सतरापर्यंत बेरीज आपसूक मनात झाली, एकशे त्रेपन्न. चाळीस सिटांच्या गाडीत सतरा नंबर असतोच, मी स्वतःला दटावलं. तरी कुरकुंभ फाट्यापर्यंत प्रत्येक ट्रकचा नंबर मी तिनाने भागून पाहत होतो, आणि भाग जाईल त्याच्याकडे पुन्हा बघायचं टाळत होतो. रेल्वे कॉलनीत तुझ्या क्वार्टरबाहेर चपलांचा ढीग दिसला. मी तिथेच उभा राहिलो. मला आत कुणी नेलं ते आठवत नाही.

तुला घेऊन जायची तयारी चालली होती, भन्तेजी यायचे होते. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता आलात?" मी म्हणालो, "वहिनी, मी पाच वेळा फोन केला. आईंनी घेतला. आईंना विचारा, निरोप दिलाय मी. कुठं आहेत आई?"

वहिनींची बहीण माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मी दारू पिऊन आलोय. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आई दिवाळीतच गेल्या. तुम्हाला कळवायचं न्हाई म्हणाले हे."

मिलिंद, दोन दिवस मी कुणाशी बोलत होतो? तू त्या यार्डात थांबला होतास तसा मी थांबलो, आतून आवाज येण्याची वाट बघत. मग नजर टीपॉयवरच्या फोनकडे गेली. फोनवर चिकटवलेल्या कागदावर तुझ्या हातचा नंबर होता, प्रत्येक अंक सुटा. शेवटी पाच, मग सात. माझ्या पंचांगावर सात आणि पाच. वहिनी सत्तावन्न म्हणाल्या, मला सात आधी ऐकू आला. वीस वर्षं पोरांचे कान पिळणाऱ्या मास्तरने पंचाहत्तर लिहिले.

खुलासा झाला की भीती जाते, असं मी वर्गात सांगतो. माझी गेली नाही. त्या रात्री घरी येऊन मी काय केलं असेल? मांडून पाहिलं. सत्तावन्नचे चारशे अडुसष्ट, त्याचे सातशे ब्याण्णव, मग एक हजार ऐंशी, पाचशे तेरा, एकशे त्रेपन्न. पंचाहत्तरचेही हेच, पायरीगणिक हेच. दोन्ही तिनाने जातात. कागदावर दोन्ही घरं एकाच ठिकाणी पोचत होती, आणि खऱ्या दौंडात एका घरात तू फोन उशाशी घेऊन जागा होतास, दुसऱ्यात कुणीतरी झोपलं होतं. तुझा आकडा माफ करतो म्हणायचास ना? टेलिफोन करत नाही रे.

तुला माझ्याशी काय बोलायचं होतं, हे वहिनींनाही माहीत नाही. "मास्तरलाच सांगतो, म्हणाले." मी त्यांना म्हणालो, तुम्ही पुन्हा फोन का नाही केला? त्या म्हणाल्या, "मी करते म्हणलं हो. हे म्हणाले, दोनदा का करायचा आपण?" बरोबर आहे. तू दोनदा का करायचास? वही टेबलावर ठेवून गेलास तेव्हा तुझी पाळी संपली होती, पाळी माझी होती. मी तुझ्यावर रागावतो मध्येच, की असा कसा गेलास ऐकून न घेता, आणि मग आठवतं की ऐकवायला माझ्याकडे पाच महिने होते. तुझ्यामुळे मला कळलं की गणितात चालत जाऊन एकेक बघणं कमी प्रतीचं नसतं. हे या वर्षी दहावीच्या वर्गाला सांगितलं, तुझं नाव घेऊन. नावासकट, कामासकट. कुणी हसलं नाही.

पंचाहत्तरला पुन्हा फोन लावायचं धाडस मला अकरा दिवस झालं नाही. काल दुपारी लावला. आई, चुकून तुम्हाला त्रास दिला, माफ करा, एवढं सांगून ठेवायचा, असं ठरवून. उचलला त्यांनीच.

"मी मास्तर बोलतोय."

"व्हय, वळखलं की! आवो, किती दिस झालं, फोन न्हाई तुमचा. तुमचा निरोप सांगितला बरं का मालकांना."

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "काय म्हणाले?"

"बोलाया कुठं येतंय त्यांना? वाचा जाऊन दोन वर्सं झाली. माणूस बी वळखत न्हाईत. निस्तं पडून. पर कानात सांगितलं, मास्तर चुकला, आन् हसले की हो! मी म्हणलं मला भास झाला, म्हणून परत सांगितलं. परत हसले. आता रोज सकाळी सांगते. तेवढंच सांगते, मास्तर चुकला." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुम्ही कोण त्यांचे? शाळेतले का? रविवारी येतो म्हणला होता तुम्ही, आलाच न्हाई."

जिभेवर आलं होतं की आई, नंबर चुकलाय. मिलिंद, तो निरोप तुझा होता. तो मला परत मागता आला नाही. येतो म्हणालो, आणि घराचा पत्ता विचारला.